टूल होल्डर आणि लक्ष्मणराव

फायनल इयरचं प्रोजेक्ट जवळ आलं की आपल्या होस्टेलवर एक जुनी चर्चा नव्यानं सुरू होते. प्रोजेक्ट करायचं की आणायचं? आणायचं म्हणजे काय, ते मेसच्या रांगेत उभं राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगायला नको. शहरात पैसे मोजले की मॉडेल, रिपोर्ट, प्रेझेंटेशन सगळं बांधून मिळतं. व्हायवाला काय विचारतील त्याची उत्तरंसुद्धा झेरॉक्स करून देतात. आमच्या ग्रुपमधल्या चौघांपैकी तिघांचं मत आणण्याकडे झुकलं होतं आणि खरं सांगायचं तर त्या तिघांत मीही होतो.

अशा मनःस्थितीत दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. माझं घर अलोरेला. चिपळूणहून कराडच्या रस्त्याला लागलं की कुंभार्ली घाट चढायच्या आधी आमचा हा परिसर येतो. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली आणून इथे वीज केली जाते. पोफळीचं वीजघर आणि कोळकेवाडीचं धरण आमच्या शेजारचंच. प्रकल्पामुळे अलोरेत वसाहत उभी राहिली आणि त्या वसाहतीबरोबर फिटर, टर्नर, वेल्डर अशी माणसं आली. त्यातले काही निवृत्त होऊन इथेच राहिले. आमच्या शेजारचे काका त्यांतलेच एक. जन्मभर टर्नरचं काम केलं. आता पडवीच्या टोकाला पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात भंगारातून सोडवून आणलेला एक छोटा लेथ आहे. कोकणातल्या पावसाळ्यात त्या लेथच्या बेडला गंज चढू नये म्हणून काका दर दोन दिवसांनी तेलाचं फडकं फिरवतात.

मी सहज म्हणून शेडमध्ये गेलो आणि प्रोजेक्टसाठी एक शाफ्ट कातून द्याल का, असं विचारलं. काकांनी शाफ्टबद्दल काही न विचारता आधी टूल होल्डर करायला सांगितला. त्यांच्याकडचा होल्डर झिजला होता. मी बाजारातून आणून देतो म्हटलं, तर त्यांनी फक्त मान हलवली आणि चौकोनी माइल्ड स्टीलचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला. वर एक प्रश्न विचारला, तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या लेथवर कुणाचं नाव लिहिलंय?

नाव मला आठवलं. हेडस्टॉकवर ठळक अक्षरांत किर्लोस्कर असं आहे. आपण सगळ्यांनीच फर्स्ट इयरला त्या लेथवर स्टेप टर्निंगचा जॉब केलाय. पण किर्लोस्कर म्हणजे पंप, यापलीकडे मला काही सांगता येईना. मेकॅनिकलचा विद्यार्थी असून! काकांनी मग काम करता करता तुकड्यातुकड्यानं मला लक्ष्मणराव सांगितले. सुट्टी संपल्यावर लायब्ररीत बसून मी बाकीचं वाचलं. तेच आज तुमच्यापुढे ठेवतोय.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. घरात ग्रंथांचे वातावरण. मुलाने शिकून वकिली किंवा सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळच्या कोणत्याही घरातली अपेक्षा. पण या मुलाचे लक्ष पुस्तकांपेक्षा चित्रांकडे आणि मोडक्या वस्तूंकडे जास्त. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामुअण्णा, यांनी त्याची बाजू घेतली आणि १८८५ साली लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

दोन वर्षे बरी गेली. मग लक्षात आले की याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. विचार करा, चित्रकार व्हायचे म्हणून घरच्यांचा विरोध पत्करून मुंबईला आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या डोळ्यांतच दोष निघतो! आपल्यापैकी एखादा असता तर सामान बांधून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ मात्र सोडली नाही. यंत्रांच्या ड्रॉइंगला रंग कुठे लागतात? तिथे लागते ती सरळ रेघ, अचूक माप आणि वस्तू समोर नसताना ती डोळ्यांपुढे आणण्याची ताकद. ती त्यांच्याकडे भरपूर होती. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंगचे शिक्षक झाले.

इथून त्यांचे खरे इंजिनिअरिंग सुरू झाले. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, ती त्यांनी पुढेही कधी घेतली नाही. पण संस्थेचे वर्कशॉप होते. तास संपला की ते वर्कशॉपमध्ये जात, यंत्रे चालवून बघत, उघडून बघत, दुरुस्त करत. ज्याचे ड्रॉइंग फळ्यावर काढायचे ती वस्तू हाताने करून पाहिली पाहिजे, हा त्यांचा खाक्या. आपण ड्रॉइंगची शीट ट्रेस करून सबमिशनला देतो तेव्हा हे आठवायला हरकत नाही!

टूल धरायचं कशानं?

इथे थोडं थांबून टूल होल्डरबद्दल सांगतो, कारण लक्ष्मणराव ज्या काळात लेथपुढे उभे राहिले त्याच काळात ही वस्तू रूप घेत होती.

फार पूर्वी लेथवर काम करणारा माणूस टूल हातात धरायचा. आधारावर टेकवून अंगाच्या जोरावर लोखंड कापायचं. हात हलला की माप गेलं. इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ले नावाचा कारागीर होऊन गेला (१७७१–१८३१). सन १८०० च्या आसपास त्यानं स्क्रू कापण्याचा असा लेथ बांधला की ज्यात टूल माणसाच्या हातात नव्हतं, ते सरकत्या स्लाइड रेस्टवर घट्ट बांधलेलं होतं आणि लीडस्क्रूनं पुढे जात होतं. सरकत्या रेस्टची कल्पना त्याच्या आधीही काहींना सुचली होती, पण भक्कम लोखंडी बेड, लीडस्क्रू आणि गिअर यांची जुळणी करून रोजच्या कामाचं यंत्र त्यानं केलं. एकसारखे आटे काढणं सोपं झालं ते यामुळे. म्हणजे यंत्रयुगाची एक मोठी उडी कापणाऱ्या टोकात नव्हती, ते टोक धरणाऱ्या वस्तूत होती.

पुढची पायरी पैशाची. एकोणिसाव्या शतकात लेथचं टूल म्हणजे कार्बन स्टीलची अख्खी सळई. लोहार ती भट्टीत तापवून टोकाला आकार द्यायचा, पाणी पाजायचा, मग टर्नर धार लावायचा. टूल झिजलं की पुन्हा लोहाराकडे. १९०० च्या सुमारास अमेरिकेत टेलर आणि व्हाइट या जोडीनं हाय स्पीड स्टील पुढे आणलं. हे स्टील तापून लालसर झालं तरी धार सोडत नाही, पण ते महाग. महागाचं स्टील अख्ख्या सळईत कशाला घालायचं? म्हणून लहानसा चौकोनी बिट घ्यायचा आणि तो साध्या स्टीलच्या दांड्यात स्क्रूनं आवळायचा. हाच आपला टूल होल्डर. आज सीएनसीवर कार्बाइडचे इन्सर्ट लागतात, त्यामागचं गणित हेच. कापणारं टोक लहान आणि महाग, धरणारा दांडा मोठा आणि साधा. टोक विकत घ्यावं लागतं. होल्डर मात्र ज्याला हॅकसॉ, कानस, ड्रिल आणि टॅप चालवता येतात त्याला घरी करता येतो.

लक्ष्मणरावांची पुढची गोष्ट वाचताना मला सारखं हेच डोळ्यांपुढे येत राहिलं. टोक त्यांच्याकडे होतं. ते धरायला जागा मिळेना, तेव्हा ती जागा त्यांनी स्वतः केली.

सायकलीचे दुकान

व्हीजेटीआयमधली नोकरी चांगली चालली होती. लक्ष्मणरावांचे काम सगळ्यांना माहीत होते. वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती आपल्याला मिळेल असे त्यांना वाटणे साहजिक होते. पण राज्य इंग्रजांचे होते. ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९७ साली बेळगावचा रस्ता धरला. वय अठ्ठावीस. पदरी संसार, हातात ठरलेला पगार नाही.

बेळगावात रामुअण्णांबरोबर सायकलींचा व्यवसाय आधीच सुरू झालेला होता. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाचा जन्म १८८८ सालचा मानला जातो. त्या काळी सायकल ही नवलाची आणि महागाची वस्तू. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. बेळगावात ज्या रस्त्यावर हे दुकान होते त्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

पण विकणे आणि करणे यांत फरक आहे. परदेशी सायकली विकून पोट भरले असते, मन भरले नसते. सायकल दुरुस्तीच्या निमित्ताने छोटे वर्कशॉप उभे राहिले आणि लक्ष्मणरावांची नजर भोवतालच्या शेतांकडे गेली. शेतकरी कडबा कोयत्याने तोडून बैलापुढे टाकत होता. बैल अर्धा खाई, अर्धा तुडवून वाया घालवी. कडबा बारीक कापणारे यंत्र करता येईल का? त्यांनी ते केले. किर्लोस्करांचे पहिले यंत्र ते हेच, कडबा कापण्याचे.

दुसरी वस्तू होती लोखंडी नांगर. विलायती लोखंडी नांगर बाजारात होते, पण ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे. लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास स्वतःचा नांगर तयार केला आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. नांगर कुणी घेईना! लोखंडामुळे जमिनीत विष उतरते, पीक येत नाही, अशी समजूत होती. पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर धरलेल्या माणसाला ड्रॉइंग दाखवून काय उपयोग? पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! आपल्याला एका सेमिस्टरमध्ये मॉडेल चाललं नाही तर आपण टॉपिक बदलतो.

नांगराचे इंजिनिअरिंगही दिसते तितके सोपे नाही. सगळी झीज फाळाच्या टोकाला होते. ते टोक कठीण हवे, नाहीतर काळ्या जमिनीत लवकर बोथट होते. पण फार कठीण झाले तर दगडाला लागून तुटते. शिवाय झिजलेला भाग बदलता आला पाहिजे आणि तोही गावातल्या शेतकऱ्याला साध्या पान्याने. विचार केला तर नांगर म्हणजे तरी काय? जमीन कापणारे टूल आणि ते धरणारा होल्डर. लेथपुढे उभा राहिलेला माणूस नांगर नीट करू शकला, यात मला तरी आश्चर्य वाटले नाही.

निवडुंगाच्या माळावर

धंद्याने जरा मूळ धरले आणि जमीनच पायाखालून गेली. बेळगाव शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी होती. किर्लोस्करांना कारखाना हलवायला सांगण्यात आले. यंत्रे उचलून न्यायची कुठे?

त्या वेळी लक्ष्मणराव औंधला देवीच्या देवळाच्या मंडपाचे काम करत होते. औंध हे साताऱ्याकडचे छोटे संस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, गुणी माणसाची पारख असलेले. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी संस्थानातली जागा देऊ केली. जागा होती कुंडल रोड स्टेशनजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात. रेल्वे लाइन जवळ, एवढाच काय तो फायदा. बाकी बत्तीस एकरांचा उजाड माळ, त्यावर निवडुंगाचे रान आणि रानात साप. पाण्याची टंचाई.

१९१० साली लक्ष्मणराव, त्यांच्या पत्नी राधाबाई, घरची माणसे आणि पंचवीसेक कामगार कुटुंबांसह या माळावर आले. आधी निवडुंग तोडायचा, मग राहायला आडोसा करायचा, मग भट्टी पेटवायची. जमशेदपूरची उभारणी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिथे टाटांचे भांडवल होते. इथे होते हात. या माळाचे पुढे किर्लोस्करवाडी झाले. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये तिची गणना होते आणि स्टेशनलाही पुढे तेच नाव मिळाले. कराडहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर हे स्टेशन लागते.

माणसं धरणारा होल्डर

किर्लोस्करवाडीची हकिकत वाचताना मला सगळ्यात आवडला तो भाग यंत्रांचा नाही, माणसांचा आहे. लक्ष्मणरावांनी जमवलेली माणसे बघा. शंभुअण्णा जांभेकर, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे. यांतला कुणी मोठ्या डिग्रीचा नव्हता. फळणीकरांचे शाळेत जमले नाही, ते कारखान्यात इंजिनिअर म्हणून तयार झाले. जांभेकरांनी यंत्रांची आणि वसाहतीची व्यवस्था अंगावर घेतली. रेगे हिशेब सांभाळत. कुलकर्णी माल घेऊन गावोगाव फिरत.

आणि वाडीच्या राखणीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांवर गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेला. गावाने ज्यांच्या भीतीने दारे लावावीत त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीचे काम दिले. त्या काळात, जेव्हा माणसाची जात बघून त्याला उंबऱ्याबाहेर उभे करत, तेव्हा किर्लोस्करवाडीत शिवाशिव पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. हे त्यांनी भाषण करून सांगितले नाही. वसाहत उभारतानाच तसे करून दाखवले.

माणूस टाकाऊ नसतो, त्याला धरायला नीट जागा मिळालेली नसते, असे मला यातून वाटले. बोथट बिट आपण फेकून देतो. जाणता टर्नर त्याला पुन्हा धार लावतो, दुसऱ्या कोनात बसवतो आणि तोच बिट कापू लागतो.

तोफांचे नांगर

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. एका अर्थी ही संधी होती, कारण परदेशी माल येणे कमी झाले आणि देशी नांगराला मागणी आली. पण ज्या आगबोटींनी नांगर येत नव्हते त्याच आगबोटींनी कच्चे लोखंडही येत नव्हते. मागणी आहे, भट्टी आहे, माणसे आहेत आणि ओतायला लोखंड नाही!

तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. संस्थानात जुन्या तोफा पडून होत्या. त्या त्यांनी लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. लढाई चालू असलेल्या जगात एका माळावर तोफांचे नांगर होत होते, ही कल्पना मला तरी कुठल्याही कवितेपेक्षा कमी वाटत नाही.

युद्ध संपल्यावर १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी वाडीतून किर्लोस्कर खबर नावाचे छोटे पत्रक सुरू केले. ते पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून महाराष्ट्रभर वाचले गेले. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिकेही त्याच घरातून निघाली. म्हणजे आपला हा मराठी विभाग आणि वर्कशॉप वेगवेगळे आहेत असे समजण्याचे कारण नाही. एकाच वाडीत नांगर आणि मासिक दोन्ही निघत होते.

चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, पंप अशी यादी वाढत गेली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून इंजिनिअर होऊन १९२६ साली परतले. वडिलांकडे पदवी नव्हती, मुलाकडे जगातल्या नामांकित संस्थेची होती, आणि मुलगा वडिलांनी निवडुंग तोडून केलेल्या त्याच कारखान्यात कामाला लागला. १९४१ साली तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात तुंगभद्रेच्या काठी हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना निघाला, म्हैसूर किर्लोस्कर. तिथले लेथ देशभरच्या कारखान्यांत, आयटीआयमध्ये आणि आपल्यासारख्या कॉलेजांत गेले. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिन्स आणि बंगलोरला इलेक्ट्रिक मोटर्सची कंपनी सुरू झाली.

हरिहरचा तो कारखाना पुढे बंद पडला. लेथ मात्र अजून चालतात. काकांनी उमेदीच्या काळात ज्या लेथवर हात बसवला तो हरिहरचाच होता.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. सत्त्याऐंशी वर्षांचे आयुष्य. देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला आणि ज्या शेतकऱ्याने त्यांचा नांगर दोन वर्षे घेतला नव्हता त्याच्या विहिरीवर किर्लोस्करांचे इंजिन चाललेलेही पाहिले.

पुन्हा अलोरेच्या शेडमध्ये

आता माझ्या होल्डरचं काय झालं ते सांगतो, नाहीतर म्हणाल की दुसऱ्याचं चरित्र सांगून सुटला.

पंचवीस मिलिमीटर चौकोनी तुकडा. आधी त्याच्या बाजू सपाट आणि काटकोनात करून घेतल्या. हे कानशीनं करायला अर्धा दिवस गेला, हाताला फोड आले. मग मागचा भाग टूलपोस्टात बसेल इतका कमी केला. काकांकडे मिलिंग मशीन नाही. त्यांनी एन्ड मिल लेथच्या चकमध्ये धरली, तुकडा टूलपोस्टात आवळला आणि क्रॉस स्लाइड फिरवत आठ मिलिमीटरच्या बिटसाठी खाच पाडायला लावली. एका वेळी जेमतेम अर्धा मिलिमीटर. घाई केली की सगळा लेथ थरथरतो. खाचेची उंची अशी ठेवायची की बिटचं टोक बरोबर सेंटरला येईल. थोडं खाली राहिलं तर हॅकसॉ ब्लेडचा तुकडा खाली सारून भागतं. वर गेलं तर टूल कापण्याऐवजी जॉबवर घासतं.

मग बिट आवळायला एम ६ चे तीन स्क्रू. पाच मिलिमीटरच्या ड्रिलनं भोकं पाडली आणि टॅप फिरवायला घेतला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे बुरा तुटतो. आणि तेल सोडत राहायचं. पहिलं भोक झालं. दुसऱ्यात मला वाटलं, जमलंय आता. मागे न घेता फिरवत गेलो. कट्ट! टॅप भोकातच मोडला. टॅपचं स्टील इतकं कठीण की त्यावर ड्रिल चालत नाही. दोन दिवसांची मेहनत आणि हाताचे फोड सगळं त्या एका आवाजात गेलं.

मला रडू यायचं बाकी होतं. काका रागावले नाहीत. कोपऱ्यातून तसाच दुसरा तुकडा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तेव्हाच त्यांनी मला लोखंडी नांगराच्या त्या दोन वर्षांची गोष्ट सांगितली.

दुसरा होल्डर दीड दिवसात झाला. दिसायला काही खास नाही. एका बाजूला कानशीचे ओरखडे आहेत. पण बिट आवळून पहिला कट घेतला तेव्हा लेथवरून लांब, न तुटणारी चिप निघाली आणि शाफ्टवर हात फिरवला तर गुळगुळीत. मी पहिल्यांदा लेथच्या हेडस्टॉककडे नीट बघितलं. फर्स्ट इयरला जर्नलमध्ये टूल होल्डरची आकृती मी काढली होती, दहापैकी नऊ मार्क होते. तो का असतो, हे तेव्हा कळलं नव्हतं. ते आत्ता कळलं.

सुट्टी संपवून होस्टेलवर आलो. होल्डर काकांकडे ठेवला, मोडक्या टॅपचा तुकडा मात्र सोबत आणला. तो माझ्या टेबलावर आहे, कुणाला बघायचा असेल तर रूमवर या. प्रोजेक्टचं सांगायचं तर ग्रुपमध्ये दोन रात्री भांडण झालं. आणलेल्या मॉडेलला नक्की जास्त मार्क मिळाले असते, हे मलाही मान्य आहे. पण मी माझं मत बदललं, मग दोन विरुद्ध दोन झाले आणि शेवटी चौघांनी स्वतः करायचं ठरवलं. ते चालेल की नाही माहीत नाही. निदान बिघडलं तर का बिघडलं ते आम्हाला सांगता येईल.

पुढच्या प्रॅक्टिकलला वर्कशॉपमध्ये जाल तेव्हा हेडस्टॉकवरचं ते नाव जरूर वाचा. रंग न ओळखता येणाऱ्या, बढती नाकारलेल्या, जागेवरून उठवलेल्या एका ड्रॉइंग मास्तरांचं ते नाव आहे. आणि लेथ बंद करण्यापूर्वी, सर बघत नसले तरी, बेडला तेलाचं फडकं फिरवा.